किती वाढलं नव्हे, किती उरलं : हाडातून ऐकवणाऱ्या यंत्रांची तुलना



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालते. त्यामुळे बोलायला या असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारं, हाक मारली तरी मान न वळवणारं मूल मठ्ठ ठरतं की त्याचे कान तपासले जातात, हे पुष्कळदा एखाद्या शिक्षकाच्या लक्ष देण्यावर अवलंबून असतं. मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते आणि अशा शिक्षकांनी पाठवलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. आज मी हाडातून आवाज पोचवणाऱ्या श्रवणयंत्रांबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. यांतलं कुठलं यंत्र खरंच चांगलं काम करतं, हे ठरवायचं कसं?

हा प्रश्न तज्ज्ञांनी आपसात सोडवायचा नाही. तो आई-वडील विचारतात. उत्तरादाखल त्यांच्या हातात बहुधा एक माहितीपत्रक पडतं. त्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो : यंत्रामुळे ऐकणं अमुक डेसिबलने सुधारलं. माझं आजचं भांडण मुख्यतः त्या आकड्याशी आहे.

आधी थोडी पायाभरणी करू. आवाज आतल्या कानापर्यंत दोन वाटांनी जातो. हवेची वाट आपल्या ओळखीची आहे : बाहेरचा कान, कानाची नळी, पडदा, पडद्यामागची तीन इवलीशी हाडं आणि मग शंखासारखा वळलेला कॉक्लिया. या कॉक्लियात कंपनांचे संदेश तयार होतात आणि नसेवाटे मेंदूकडे जातात. दुसरी वाट हाडाची. कवटी थरथरली की कॉक्लियातला द्रवही हलतो, आणि नळी, पडदा, तीन हाडं या सगळ्यांना वळसा घालून आवाज थेट आत पोचतो. हाडातून आलेलं ऐकणं दुय्यम, काहीतरी कामचलाऊ असतं, असा समज आहे. तो खरा नाही. गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने १९३२ साली एक सुंदर प्रयोग केला. एकच सूर त्याने हवेतून आणि हाडातून एकाच वेळी दिला आणि दोन्हींची तीव्रता व लाटांचा मेळ असा जुळवला, की ते एकमेकांना खोडून काढत आणि ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नसे. दोन्ही आवाज आत जाऊन एकाच जागी, एकाच प्रकारे काम करत असतील तरच हे घडू शकतं. कॉक्लियावरच्या कामासाठी बेकेशी यांना पुढे १९६१ चं नोबेल मिळालं. आपल्यापुरता त्यातला अर्थ असा, की वाटा दोन असल्या तरी मुक्काम एकच आहे.

कानाची तपासणी ज्यांनी करून घेतली असेल त्यांना आठवेल, आधी हेडफोन लावून आवाज ऐकवतात आणि मग कानामागच्या हाडावर पोलादी पट्टीने एक छोटी डबी दाबून बसवतात. ती डबी म्हणजे हाडाची चाचणी. मग कागदावर दोन रेघा उमटतात, एक हवेची आणि एक हाडाची. हवेची रेघ खाली घसरलेली आणि हाडाची रेघ वर, जागच्या जागी, असं चित्र असलं की समजायचं : आतला कान शाबूत आहे, अडथळा वाटेत आहे. या दोन रेघा लक्षात ठेवा, पुढचं सगळं बोलणं त्यांच्यावरच उभं आहे.

असा अडथळा कोणाला असतो? काही बाळं कानाच्या नळीशिवाय जन्मतात. बाहेरचा कानही अर्धवट, एखाद्या गाठीसारखा असतो, पण आतला कॉक्लिया बहुतेक वेळा उत्तम असतो. दुसरा, आपल्याकडे फार मोठा गट म्हणजे वाहत्या कानाचा. पडद्याला भोक, वर्षानुवर्षं येणारा पू, कानामागच्या मास्टॉइड हाडाची झालेली शस्त्रक्रिया, आणि त्यावर घरात कोणीतरी कोमट करून घातलेलं तेल. (कान वाहत असेल तर तेलाचा थेंबही घालू नका, ही विनंती मी जिथे बोलायला उभी राहते तिथे करते, इथेही करते.) अशा कानात नेहमीचं मशीन बसवायचं म्हणजे साचा घालून नळी बंद करायची. हवा खेळायची थांबते आणि कान अधिकच वाहू लागतो. तिसरा गट एका कानाने पूर्ण बहिरे झालेल्यांचा. त्यांच्यासाठी हाडाचं यंत्र वेगळ्याच कामाला येतं, ते पुढे सांगते.

हाडाच्या वाटेचा उपयोग करून घ्यायची धडपड जुनी आहे. इटलीच्या जिरोलामो कार्दानो यांनी सोळाव्या शतकातच दातांत धरलेल्या कांबीतून आवाज जातो हे नोंदवलं होतं. १८७९ साली शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्स यांनी कडक रबराचा एक पंखा काढला. त्याची कडा वरच्या दातांना टेकवायची, आणि पंख्यावर आदळणारा आवाज दातांतून कवटीत जायचा. विसाव्या शतकात विजेवरची कंपक यंत्रं आली. ती चष्म्याच्या काडीत बसवत, नाहीतर डोक्यावरच्या पोलादी पट्टीने कानामागे दाबून ठेवत. त्या सगळ्यांची अडचण एकच होती : हाडाच्या आधी त्वचा येते. आवाज नीट जायला यंत्र जोरात दाबावं लागतं, आणि जोरात दाबलं की डोकं दुखतं, कातडी लाल होते, माणूस यंत्र काढून ठेवतो. दारावर उशी धरून ठोठावलं तर धप्प असा आवाज आत जातो, टकटक जात नाही. त्वचेचं नेमकं तसंच आहे. खालचे, जाड सूर ती बऱ्यापैकी जाऊ देते. हजार-दोन हजार हर्ट्झच्या वरचे बारीक सूर मात्र अडवते, आणि तिथे १० ते २० डेसिबलचा तोटा होतो. व्यंजनं जिथे राहतात त्याच पट्ट्यात हा तोटा आहे.

ही अडचण फोडली ती स्वीडनमधल्या योटेबोरी शहराने. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे हाडातल्या रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची छोटी कुपी बसवली होती, आणि काम झाल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाडाने धातूला आपलंसं केलं होतं. त्यातून आधी दातांचं इम्प्लांट आलं. १९६५ साली पहिल्या रुग्णाला ते बसवलं. मग कानाचे शल्यविशारद आंदेर्स च्येलस्ट्रोम आणि चाल्मर्स तंत्र विद्यापीठाचे अभियंते बू होकान्सोन यांनी तोच टायटॅनियमचा स्क्रू कानामागच्या हाडात बसवायचं ठरवलं. १९७७ साली पहिल्या तीन रुग्णांच्या हाडात तो बसला. स्क्रूचं टोक त्वचेतून बाहेर, त्यावर कंपक यंत्र खटकन अडकवायचं. मध्ये त्वचा नाही, दाब नाही, दुखणं नाही. दहा वर्षांनी ते यंत्र बाजारात आलं, आणि 'बाहा' या नावाने जगभर गेलं.

मला या कामाबद्दल फार आदर आहे. आजही नवं यंत्र आलं की त्याला त्या स्क्रूवरच्या यंत्राशेजारी उभं करूनच पाहतात. पण स्क्रूने स्वतःची दुखणी आणली. त्वचेतून कायमचा बाहेर आलेला धातू म्हणजे कायमची उघडी सीमा. ती रोज स्वच्छ ठेवावी लागते. काहींची त्वचा तिथे लाल होते, ओलावते, वर वाढते. या त्रासाच्या पायऱ्या मोजायला होल्गर्स यांची शून्य ते चार अशी मोजपट्टी आहे. लहान मुलांची कवटी पातळ असते, त्यामुळे त्यांच्यात स्क्रू सैल होऊन निघण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं. अमेरिकेत पाच वर्षांखालच्या मुलांना तो बसवायला मान्यता नाही.

मग त्वचा बंद ठेवायच्या वाटा शोधल्या गेल्या, आणि तिथून आजचा गोंधळ सुरू होतो. एक वाट अशी : हाडात चुंबक, वरून त्वचा शिवलेली, आणि बाहेरच्या चुंबकावर कंपक यंत्र. दिसायला हे सुबक असतं. पण थरथरणारा भाग अजून बाहेरच आहे आणि कंपन त्वचेतूनच जातंय, म्हणजे उशी परत आली. शिवाय चुंबक जोरदार असला तर खालची त्वचा दुखते, आणि कमजोर असला तर यंत्र पडतं. दुसरी वाट जास्त हुशारीची आहे : थरथरणारा भागच त्वचेखाली, हाडात ठेवायचा, आणि बाहेरून फक्त रेडिओलहरींनी संदेश पाठवायचा. म्हणजे त्वचाही बंद आणि कंपनही थेट हाडात. ऑस्ट्रियातल्या मेड-एल कंपनीचं बोनब्रिज हे असं पहिलं यंत्र २०१२ मध्ये युरोपात आलं. त्याचा कंपक जवळजवळ पावणेनऊ मिलिमीटर खोल होता. लहान मुलाच्या, किंवा आधी मास्टॉइड कोरलेल्या माणसाच्या हाडात त्याला जागाच मिळत नसे, म्हणून शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅनवर जागा मोजावी लागे. पुढच्या आवृत्तीत ही खोली साडेचार मिलिमीटरवर आणली गेली. कॉक्लिअर कंपनीचं ओशिया यंत्र २०१९ पासून आहे. त्यात चुंबक-गुंडाळीऐवजी विजेने आकार बदलणारा पिएझो स्फटिक कंपन देतो, आणि बारीक सुरांत त्याचा जोर चांगला असतो.

शस्त्रक्रियेशिवायचे दोन मार्ग उरले. एक म्हणजे सॉफ्टबँड, ताणणारा कापडी पट्टा, ज्यात यंत्र अडकवून बाळाच्या डोक्यावर बांधतात. दुसरा, कानामागे केस नसलेल्या जागी चिकटवायची चकती, तिच्यावर यंत्र. चकतीत दाब नसतो, हा तिचा मोठा गुण. ती काही दिवसांनी बदलावी लागते, आणि घाम व तेल तिला सोसत नाही. रोज डोक्याला खोबरेल लावणाऱ्या आपल्या घरांत आणि कोकणच्या दमट हवेत याचा विचार आधीच करायला हवा. आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकते : व्यायाम करताना गाणी ऐकायला हाडावरचे म्हणून जे हेडफोन मिळतात, ती श्रवणयंत्रं नव्हेत. ती मुलाच्या आलेखाप्रमाणे जुळवता येत नाहीत आणि समोरच्याचं बोलणं टिपून मोठं करायला ती बनवलेलीच नाहीत.

आता भांडणाकडे येते.

दोन मुली आहेत असं समजा. पहिलीला कानाच्या नळ्याच नाहीत. तिची हवेची रेघ ६५ डेसिबलवर आहे, म्हणजे हवेतून आलेला त्याहून हळू आवाज तिला ऐकू येत नाही; हाडाची १० वर. दुसरीच्या पडद्याला भोक आहे. हवेची रेघ ४० वर, हाडाची तशीच १० वर. दोघींना एकच यंत्र लावलं. यंत्र लावल्यावर दोघींनाही २५ डेसिबलचा आवाज ऐकू येऊ लागला. माहितीपत्रकाच्या भाषेत पहिलीची सुधारणा झाली ४० डेसिबल, दुसरीची १५. म्हणजे हे यंत्र पहिलीला उत्तम आणि दुसरीला सुमार ठरलं? तसं मुळीच नाही. यंत्राने दोघींसाठी तंतोतंत एकच काम केलं. फरक होता तो वाटेतल्या अडथळ्याचा, आणि हाडाचं यंत्र तर त्या अडथळ्याला हातही लावत नाही, त्याला वळसा घालून जातं. ज्या गोष्टीशी यंत्राचा संबंध नाही तिच्यावर त्याची फुशारकी मोजली जाते. जास्त अडथळ्याचे रुग्ण घ्या, आकडा आपोआप फुगतो. दोन वेगवेगळ्या रुग्णालयांतले, दोन वेगवेगळ्या यंत्रांचे असे आकडे शेजारी ठेवून कोणी तुलना करत असेल, तर तो यंत्रांची तुलना करत नसून रुग्णांची करतो आहे.

मग बघायचं काय? हाडाची रेघ. ती या माणसाच्या आतल्या कानाची कुवत सांगते. यंत्र लावल्यावर ऐकू येण्याची पातळी त्या रेघेच्या किती जवळ पोचली, हा खरा प्रश्न. आपल्या दोन्ही मुलींच्या बाबतीत यंत्र १५ डेसिबल मागे राहिलं. चांगला आतला कान असून त्यातली १५ डेसिबल कुवत वापराविना पडून आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखनचे आड स्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हाच आग्रह धरला आहे. किती वाढलं ते विचारू नका, किती उरलं ते विचारा. मला या क्षेत्रात याहून उपयोगी दुसरं वाक्य ठाऊक नाही.

या कसोटीवर यंत्रं लावली की चित्र बरंच स्पष्ट होतं. स्क्रूवरचं यंत्र आणि त्वचेखाली कंपक असलेली यंत्रं हाडाच्या रेघेच्या जास्त जवळ जातात. त्वचेवरून कंपन देणारी, म्हणजे पट्टा, चकती आणि बाहेरच्या चुंबकाची यंत्रं, बारीक सुरांत मागे पडतात. यात चुंबकवाल्या यंत्राबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. त्यासाठी शस्त्रक्रिया होते, भूल द्यावी लागते, लाखांत खर्च होतो, आणि आवाजाच्या हिशेबात माणूस पुष्कळदा कापडी पट्ट्याच्या आसपासच राहतो. पट्टा नको, दिसणं नीट हवं, एवढ्यासाठी कोणी ते घेत असेल तर ती त्याची निवड. पण शस्त्रक्रिया झाली म्हणजे जास्त ऐकू येणार, अशा समजुतीने कोणी घेऊ नये.

दुसरी कसोटी छताची. प्रत्येक कंपकाला एक कमाल जोर असतो. त्यापलीकडे आवाज वाढत नाही, नुसता फाटतो. ज्याचा आतला कान उत्तम आहे त्याला हे छत उंचच वाटतं. पण साठीतले एक गृहस्थ घ्या, ज्यांचा कान तरुणपणापासून वाहतो आणि वयामुळे आता आतला कानही उतरला आहे. त्यांची हाडाची रेघच ४५ वर आली आहे. ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज ही जमीन धरली, तर जमीन वर आली, छत तिथेच राहिलं, मधली जागा आकसली. हळू आवाज ऐकू येतो, पण जरा कोणी मोठ्याने बोललं, हसलं, ताटावर वाटी पडली, की सगळा आवाज छताला लागून चपटा होतो. अशा माणसाची शांत खोलीतली चाचणी चांगली येते आणि लग्नाच्या मांडवात त्याला काही कळत नाही. नायमेखनच्या गटाने जमीन आणि छत यांत निदान ३५ डेसिबलची जागा उरावी, असा निकष धरला आहे. तो लावला की अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकातली 'आतला कान अमुक डेसिबलपर्यंत उतरला तरी चालेल' ही मर्यादा खाली आणावी लागते. म्हणून अशा गृहस्थांनी सुबकपणाच्या मागे न लागता सर्वांत जोरकस यंत्र घ्यावं, आणि तिथे जुना स्क्रू अजूनही भल्याभल्यांना मागे टाकतो.

चाचणी कशी झाली हेही विचारलं पाहिजे. हाडातून दिलेला आवाज एका बाजूला राहत नाही. हवेतल्या आवाजाला डोक्याच्या या बाजूकडून त्या बाजूला जायला चाळीसेक डेसिबल किंमत मोजावी लागते. हाडातल्या आवाजाला जेमतेम दहा, कधी त्याहून कमी. उजव्या कानामागे यंत्र लावलं तर डावा कॉक्लियाही ऐकतो. मग चाचणीत उजव्या बाजूचं श्रेय डाव्या कानाचं तर नव्हतं ना? दुसरा कान नीट बंद केला होता का, त्यात झाकणारा आवाज दिला होता का? हे न करता काढलेला आकडा यंत्राबद्दल काहीच सांगत नाही.

हाच गुणधर्म तिसऱ्या गटाच्या कामी येतो. एक कान पूर्ण गेलेल्या माणसाच्या त्या बाजूला यंत्र लावलं की तिकडचा आवाज कवटीतून चांगल्या कानाकडे जातो. मेजवानीत बहिऱ्या बाजूला बसलेला माणूस बोलला तर त्याचं बोलणं कळतं. हा फायदा खरा आहे. पण गोंगाट बहिऱ्या बाजूला असेल तर यंत्र तो गोंगाटही इमानाने चांगल्या कानात आणून ओततं, आणि ऐकणं आधीपेक्षा बिघडतं. आवाज कुठून आला हे ओळखणं तर परत येतच नाही, कारण ऐकणारा कान शेवटी एकच आहे. रस्ता ओलांडताना रिक्षा कुठून येते हे अशा यंत्राने कळत नाही. एका बाजूच्या बहिरेपणासाठी या यंत्रांना अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली, आणि या गटात यंत्र घेऊन न वापरणारे नेहमीच बरेच राहिले आहेत. माझा सल्ला ठाम आहे : आधी पट्ट्यावर यंत्र घेऊन घरी, कामावर, बाजारात वापरून बघा. तारेविना आवाज पलीकडे पाठवणारं, शस्त्रक्रिया न लागणारं यंत्रही त्याच काळात वापरून बघा. नंतरच स्क्रूचं बोला. पट्ट्यावर बारीक सूर कमी पडतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ऐकणं त्याहून थोडं बरंच होईल, हे मात्र ध्यानात ठेवा.

आता भाषेबद्दल बोलायलाच हवं. या यंत्रांवरचे अभ्यास बहुतांश स्वीडिश, डच, जर्मन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांवर झाले आहेत, आणि शब्द ऐकवून घ्यायच्या चाचण्या त्या त्या भाषेतल्या. आमच्याकडे अजून काही ठिकाणी मराठी मुलाला इंग्रजी शब्दांच्या यादीवर तपासलं जातं. इंग्रजीत अनेकवचन शेवटच्या स-कारावर टांगलेलं असतं, म्हणून बारीक सुरांत तोटा झाला की मुलाचं व्याकरणच निसटतं. मराठीत लिंग आणि वचन बरंचसं स्वरांवर चालतं : मुलगा, मुलगी, मुलगे. स्वर जाड सुरांत असतात, ते पट्ट्यातूनही नीट पोचतात. म्हणजे आपलं मूल सुटलं का? नाही. आपल्याकडे पास, पाच, पाट, पाठ, पात असे शब्द आहेत, आणि त्यांतला फरक पुष्कळसा शेवटच्या व्यंजनाच्या बारीक सुरांत आहे. महाप्राण व्यंजनांतली हवेची फुंकर हळू असते, आणि ती त्वचेत हरवली तर ट आणि ठ, त आणि थ एक होतात. असं मूल गप्पांत नीट बोलतं, घरच्यांना काही वावगं वाटत नाही, आणि श्रुतलेखनाची वही लाल होते. म्हणून मराठी मुलाच्या यंत्राची परीक्षा मराठी शब्दांवर आणि गोंगाटात व्हायला हवी, निव्वळ टीं-टीं आवाजावर भागवू नये. शिक्षकांना सांगते : मुलाच्या मागे उभे राहा, ओठ दिसू देऊ नका, आणि असे जवळचे शब्द म्हणून घ्या. ही वैद्यकीय चाचणी नव्हे, पण तक्रार घेऊन आमच्याकडे यायला तेवढं पुरतं.

एक कसोटी मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही, ती म्हणजे यंत्र दिवसाचे किती तास अंगावर असतं. आजची बरीच यंत्रं याची नोंद स्वतःच ठेवतात. पाच डेसिबल मागे राहणारं पण सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावलेलं यंत्र, कपाटात ठेवलेल्या उत्तम यंत्राच्या कितीतरी पुढे असतं. आणि यंत्र कपाटात जातं ते आवाजामुळे क्वचितच. त्वचा दुखते म्हणून जातं, पट्ट्यावरून मुलं चिडवतात म्हणून जातं, सेल महाग पडतात म्हणून जातं. दुरुस्तीला मुंबई-पुण्याला जावं लागतं आणि एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून जातं. मला वाटतं, आपल्या राज्यात यंत्र निवडताना दुरुस्ती कुठे होईल हा प्रश्न डेसिबलच्या बरोबरीने विचारायला हवा. एम.आर.आय. करायची वेळ आली तर हाडातल्या चुंबकाचं काय करायचं, हेही शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्यावं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझा निवाडा सांगते. बाळासाठी पट्टा, आणि तो लवकर. आतला कान शाबूत असलेल्या, शाळकरी वयाच्या मुलासाठी, कवटीत जागा असेल आणि पैशाची सोय होत असेल, तर त्वचेखाली कंपक असलेलं यंत्र. आतला कानही उतरलेल्यांसाठी जोरकस यंत्र, बहुधा स्क्रूवरचं. कोरून काढलेल्या, वाहत्या कानासाठी आधी कान कोरडा करण्याचे सगळे उपाय, आणि ते न जमल्यास हाडाची वाट. बाहेरच्या चुंबकाच्या यंत्रासाठी मला कारणं कमी दिसतात. एका कानाच्या बहिरेपणासाठी आधी वापरून बघणं, आणि मन मानलं नाही तर निःसंकोच नाही म्हणणं.

राहता राहिली पैशाची सोय. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे आतल्या कानात बसवायच्या यंत्रासाठी, मदत मिळते, आणि तिच्यामुळे कितीतरी मुलं बोलू लागली. नळीविना जन्मलेल्या मुलाचा आतला कान तर आधीच चांगला असतो. त्याला फक्त वाट हवी असते. त्याच्या पट्ट्याकडे आणि पुढच्या यंत्राकडे शासनाने, रोटरी-लायन्ससारख्या संस्थांनी आणि गावोगावच्या देवस्थानांनी तितक्याच आपुलकीने बघावं, अशी या व्यासपीठावरून विनंती करते.

आणि घरात असं बाळ आलं तर आई-वडिलांना माझं सांगणं आहे. बाहेरचा कान बनवायची शस्त्रक्रिया बरगडीच्या कूर्चेतून होते आणि तिला मूल सहा-सात वर्षांचं तरी व्हावं लागतं. तिची चौकशी नंतर करा. एक कान नीट दिसतो म्हणून तो ऐकतोच असं धरू नका. महिन्याच्या आत कानाची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत कानातून मेंदूकडे जाणारे संदेश मोजणारी बेरा चाचणी, हवेतून आणि हाडातून अशी दोन्ही प्रकारची, आणि दोन्ही कानांच्या नळ्या बंद असतील तर सहा महिन्यांच्या आत डोक्यावर पट्टा. जिल्हा रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते, तिथे जा. तपासणीचा कागद हातात आला की त्यावरची हाडाची रेघ दाखवायला सांगा, आणि यंत्र लावल्यानंतर त्या रेघेपासून किती मागे राहिलो, ते लिहून मागा.